कार्यशाळेतली चितकबरी

२७ जानेवारी, सोमवार

कामाचं रजिस्टर कार्यशाळेत असतं. त्यात फक्त आकडे आणि सही. मत लिहायला जागा नाही, म्हणून ही वही.

आज नव्या सर्किट कार्डांची पेटी उघडली. जंगलालगतच्या या पोलीस छावणीत एकूण ४६ वॉकी-टॉकी आहेत. प्रत्येकातलं जुनं कार्ड काढून नवं बसवायचं. इथे तंत्रज्ञ मी एकटीच, त्यामुळे काम माझ्या एकटीचं. प्रोबेशनचं वर्ष सप्टेंबरला संपतं.

कार्यशाळा म्हणजे पत्र्याची एक खोली, एक टेबल, एक खिडकी. भिंतीवर आर्द्रता दाखवणारा काटा. आज ४६ टक्के. चालताना, कापड घासताना अंगावर थोडी वीज साठते. आपल्याला ती जाणवतही नाही, पण कार्डावरची चिप तेवढ्याने दुखावते. लगेच मरत नाही. आठ-पंधरा दिवस नीट चालते आणि मग मरते. म्हणून मनगटाला पट्टा बांधायचा आणि पट्ट्याची तार बाहेर जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडायची. पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट आहे. मी पट्टा न बांधता पेटीचं झाकणसुद्धा उघडत नाही.

चार सेट झाले.

१० फेब्रुवारी, सोमवार

१४ सेट झाले. एकही परत आला नाही.

दुपारी फलकावर आदेश लागला. उद्यापासून छावणीतल्या सर्व कर्मचाऱ्यांनी, कार्यालय, भांडार, स्वयंपाकघर आणि कार्यशाळा धरून, रोजच्या कामावर जंगलातलीच वर्दी घालायची. म्हणजे चितकबरी. खाकी बंद. कारण लिहिलेलं नाही.

मी चिपा बदलते. माझ्यापासून सर्वांत जवळचं झाड खिडकीबाहेरचं मोहाचं. त्याच्यापासून मी कशासाठी लपायचं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

भांडारातून दोन जोड मिळाले. भांडाराचे श्यामलाल काका म्हणाले, बायकांच्या मापाचे आलेच नाहीत, पुरुषांतला सगळ्यात लहान घे. खांदे कोपरापर्यंत उतरतात. बाह्या दोनदा दुमडाव्या लागतात, दुमडल्या की फुगतात. कापड कडक आणि चकचकीत. कॉलरच्या आतल्या पट्टीवर कापडाचं प्रमाण छापलं आहे: पॉलिएस्टर ७० टक्के, सूत ३०. माझी खाकी पूर्ण सुती होती.

कारण फलकावर नव्हतं, म्हणून मी विचारत फिरले. आचारी म्हणाला, यावर वरणाचा डाग दिसत नाही. काका म्हणाले, बरं झालं, आता एकाच कपड्याचे गठ्ठे ठेवायचे, माझं एक कपाट मोकळं. गाडी चालवणारा मुन्ना म्हणाला, इस्त्री वाचली. मग छावणीप्रमुख वीरेंद्र साहेबांना भेटले. त्यांनी दोन कारणं दिली. एक, कधी बोलावणं येईल सांगता येत नाही, कपडे बदलायला वेळ नसतो. दोन, बाहेरून नजर ठेवणाऱ्याला लढणारे किती आणि कारकून किती हे कळता कामा नये.

पहिलं कारण मला लागू नाही. मला बंदूक दिलेली नाही. दुसरं लागू आहे. मी एक आकडा आहे. कोणीतरी टेकडीवरून मोजेल तेव्हा मी एक लढणारा माणूस म्हणून मोजली जाईन, आणि गोळी झाडायची वेळ आली तर तशीच धरली जाईन. हे मला विचारून ठरवलेलं नाही. शिवाय जंगलात आता नक्षलवाद्यांचं पूर्वीसारखं काही उरलेलं नाही, असं साहेबच दर बैठकीत सांगतात. धोका ओसरला आणि आदेश आला.

आईचा फोन आला. आमच्या गावी, दवनीवाड्याला, कळलं आहे की मला मिलिटरीसारखी वर्दी मिळाली. फोटो पाठव म्हणाली. मी म्हटलं, नंतर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पहिला सेट परत आला. क्रमांक १७. ऐकू येतं, बोलता येत नाही. गस्तीच्या गटात वायरलेस सांभाळणाऱ्या योगराजने आणला. दोष-नोंदवहीत त्याने स्वतः लिहिलं: ‘चढावर हातून सुटला, दगडावर पडला.’

मी कवच तपासलं. एक ओरखडा नाही. तसं त्याला म्हटलं. तो म्हणाला, गवत होतं मॅडम. मी म्हटलं, लिहिलंय दगड. तो म्हणाला, दगडावर गवत होतं. आणि हसला.

हा माणूस गटात सर्वांत जुना आहे म्हणतात. अर्जुनीकडचाच, घरी धानाची शेती. इतकी वर्षं सेट सांभाळूनही हात असे.

नवं कार्ड घातलं. आर्द्रता ३४.

३ मार्च, सोमवार

क्रमांक २१ परत. तोच दोष. योगराजची नोंद: ‘नाल्यात भिजला.’ आतली ओल दाखवणारी कागदी खूण कोरी पांढरी. पाणी लागलं की ती लाल होते. मी ती खूण त्याच्यापुढे धरली. त्याने ती नीट पाहिली आणि म्हणाला, नाला लहान होता.

मुन्नानेही गाडीतला सेट आणला. खड्ड्यात आपटला म्हणे.

मी ही यंत्रं भिंगाखाली बसून जोडते, आणि ही माणसं ती नारळासारखी आपटतात.

११ मार्च, मंगळवार

मुन्नाचा दुसरा सेट. पुन्हा खड्डा.

क्रमांक १७ पुन्हा आला. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा, आणि योगराजचा तिसरा. नोंद: ‘झोपेत अंगाखाली आला.’

मी आज लेखी तक्रार दिली. भावना नाही, फक्त तारखा, क्रमांक आणि त्याच्याच हस्ताक्षरातली कारणं. मुन्नाचं रस्त्यांवर सोडता येईल. योगराजचं नाही. साहेबांनी वाचून विचारलं, नक्की द्यायची का? मी म्हटलं, सेट जंगलात बंद पडला तर माणूस जाईल, म्हणून द्यायची.

ते म्हणाले, इथे असं कोणी देत नाही. मी म्हटलं, म्हणूनच सेट फुटतात.

१७ मार्च, सोमवार

योगराजकडून वायरलेस काढून घेतलं. स्वप्निलला दिलं. स्वप्निल तीन आठवड्यांपूर्वी नागपूरहून बदलून आला. योगराजची एप्रिलमधली रजाही रद्द झाली. काकांकडून कळलं की ती बहिणीच्या लग्नाची होती. नीतूचं लग्न, ३० एप्रिलला.

रजा रद्द करा असं मी लिहिलं नव्हतं. मी फक्त तारखा लिहिल्या होत्या.

जेवणाच्या रांगेत माझ्यापुढचे तिघे बोलता बोलता गप्प झाले. योगराज रांगेत मागे होता. त्याने मला ताट दिलं. म्हणाला, घ्या मॅडम, भाजी संपते. आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

२० मार्च, गुरुवार

आर्द्रता २४. ३३ सेट झाले.

मी गावात शामकलाबाईंच्या घरी खोली घेऊन राहते. संध्याकाळी आल्यावर त्यांनी चहाची कपबशी दिली आणि बोट लागताच हात मागे घेतला. चहा सांडला.

“तुले हात लावाले भेव लागते व पोरी. चटका देतेस.”

मी सांगितलं, हवा कोरडी झाली की होतं असं, घाबरायचं कारण नाही.

“हवा माह्यासाठी बी कोरडीच हाये. मी कोणाले चटका देऊन राहिली का?”

मी हसले. चितकबरीचं जाकीट काढताना करकर वाजलं, रोज वाजतं. खुंटीवर टांगलं तर बाही भिंतीला जाऊन चिकटली. शामकलाबाई म्हणाल्या, हे कापड मेल्यावर बी जित्तं राहते. मग त्यांनी ते काढून आत चुलीपाशी दुसऱ्या खुंटीवर लावलं, कारण कोंबडी त्याला बिचकते.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी पावणेबाराला योगराज पळत छावणीत आला. एकटा. ओमेश म्हणून गटातला मुलगा कोरड्या नाल्यातल्या खडकांत पाय अडकून पडला. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं. स्वप्निलने सेट काढला. ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. छावणीतून आम्ही दर अर्ध्या तासाला त्यांना पुकारत होतो. ते ऐकत होते. उत्तर देऊ शकत नव्हते. तो आवाज पुकारणाऱ्या ऑपरेटरचा होता, पण मी शेजारीच उभी होते.

योगराज अकरा किलोमीटर पळाला. मोहाची फुलं वेचायला लोकांनी झाडांखालचा पाला जाळला होता, वाट धुराने भरलेली. तो आला तेव्हा चितकबरी काळी झाली होती आणि त्याला बोलता येत नव्हतं. त्याने बोटाने नकाशावर जागा दाखवली.

ओमेशला वर आणायला सहा तास गेले. आता गोंदियाला दवाखान्यात आहे. पाय राहील की नाही, उद्या कळेल म्हणाले.

सेट क्रमांक २९. मी ४ मार्चला जोडला. रजिस्टरमध्ये माझी सही आहे.

२९ मार्च, शनिवार

स्वप्निलने नोंद लिहायला वही घेतली. मी विचारलं, कुठे पडला? तो म्हणाला, पडला नाही. भिजला? नाही. आपटला? तो थोडा चिडून म्हणाला, मॅडम, कमरेला होता, सकाळी तपासला तेव्हा चालत होता, नऊ वाजता नाही चालला, आता मी काय लिहू? मी म्हटलं, हेच लिहा.

सहा दोषांत ही पहिली नोंद, जिच्यात काहीच घडलेलं नाही.

सायंकाळपर्यंत रजिस्टर घेऊन बसले. १० फेब्रुवारीपर्यंत जोडलेले सेट १४. त्यांतला परत आलेला एकही नाही. त्यांतले सहा त्याच गटात, त्याच नाल्यांत, त्याच गाड्यांत फिरतात. १३ फेब्रुवारीनंतर जोडलेले किंवा दुरुस्त केलेले बंद पडले सहा वेळा. हात माझेच. पट्टा तोच. कार्डांची पेटीही तीच.

बदलली एक गोष्ट. ती माझ्या अंगावर आहे.

पट्टा माझ्या शरीराला जमिनीशी जोडतो. जाकीट माझं शरीर नाही. त्या कापडावरची वीज पट्ट्यातून कुठेच जात नाही. ती बाहीवर बसून राहते, आणि माझी फुगलेली, दुमडलेली बाही दिवसभर कार्डावरून फिरते. सुती कापडाने हा प्रश्न कधी येऊ दिला नाही, म्हणून मी त्याचा कधी विचार केला नाही. शामकलाबाईंना नऊ दिवसांपूर्वी कळलं होतं. मी हसले होते.

पण याच काळात हवाही कोरडी होत गेली. नुसत्या नोंदींवरून निष्कर्ष काढणार नाही. मोजलं पाहिजे.

आणि पाच नोंदी खोट्या आहेत, हे आधी पक्कं केलं पाहिजे.

३० मार्च, रविवार

पाडवा. छावणीत साखरेच्या गाठी वाटल्या. ओमेशच्या पायात सळई घातली आहे. पाय राहणार.

योगराज पाण्याच्या टाकीमागे चितकबरी धूत होता. काजळी निघत नव्हती. मी सरळ विचारलं, १७ क्रमांक पडला होता का? तो म्हणाला, नाही. २१ भिजला होता का? नाही. झोपेत अंगाखाली? “मी उताणा झोपतो मॅडम. तो छातीवर होता.”

मग का लिहिलं?

त्याने कपडा पिळला, झटकला, तारेवर टाकला.

“तुम्ही खाकीत होत्या तवा हापिसच्या होत्या. चितकबरीत आल्या तर गटातल्या झाल्या. तुमचं काम बिघडून राहिलं, हे लिहिलं असतं तर तुमची नोकरी कच्ची. गटातलं माणूस आम्ही कागदावर टाकत नाही.”

मी विचारलं, मी तुम्हाला टाकलं तेव्हा का बोलला नाहीत?

“तुमाले ठाऊक नव्हतं. नवं माणूस चुकते.”

मुन्नाचंही तेच. त्याने तर मला वर सांगितलं की खड्डा खराच होता, फक्त त्या दिवशी तिथून गेलो नव्हतो.

मी काय बोलले ते लिहून ठेवते, कारण मला ते बदलायचं नाही. मी म्हटलं, मला तुमची मेहरबानी नको होती, खरी नोंद हवी होती. पहिल्या दिवशी तुम्ही ‘कमरेला असताना बंद पडला’ असं लिहिलं असतं, तर मी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच खऱ्या कारणापर्यंत पोचले असते. २९ क्रमांक मी चार मार्चला जोडला. कदाचित जोडलाच नसता. ओमेशला सहा तास नाल्यात तुमच्या चांगुलपणाने पाडून ठेवलं.

तो बादली उचलून गेला.

मी बोलले ते खरं आहे. पण त्यातली दुसरी बाजू मी त्याला सांगितली नाही, ती इथे लिहिते. ओरखडा नव्हता हे मी पाहिलं होतं. पांढरी खूण मी स्वतः हातात धरली होती. दगडावर गवत होतं या वाक्यावर मी तंत्रज्ञ म्हणून थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, कारण चूक त्याची निघते हे मला पटायला सोपं गेलं.

१ एप्रिल, मंगळवार

मोजण्याचं उपकरण छावणीत नाही. मागवलं तर तीन महिने. शाळेत करतात तसं केलं. शामकलाबाईंची लोणच्याची रिकामी काचेची बरणी, प्लास्टिकच्या झाकणातून खाली सोडलेली जाड तांब्याची तार, वरच्या टोकाला वर्खाची गोळी, खालच्या टोकाला गोळ्यांच्या पाकिटावरच्या वर्खाच्या दोन पातळ पट्ट्या. वीज असलेली वस्तू गोळीजवळ आणली की पट्ट्या एकमेकींपासून फाकतात.

आर्द्रता २१. चितकबरीची बाही एक वीत अंतरावर: पट्ट्या ताठ फाकल्या. पट्टा बांधून: तेवढ्याच. जुन्या खाकीची बाही, त्याच वेळी, त्याच अंतरावर: हालचाल नाही. दहा दहा वेळा केलं. दहाही वेळा तेच.

शामकलाबाई पाहत होत्या. म्हणाल्या, एवढं मले विचारलं असतं तरी चाललं असतं.

३ एप्रिल, गुरुवार

बरणी घेऊन साहेबांकडे गेले. पट्ट्या फाकलेल्या पाहून त्यांनी स्वतःची बाही जवळ आणून पाहिली. पुन्हा फाकल्या. त्यांना ते लहान मुलासारखं आवडलं, तीन वेळा केलं. मग बसले.

मी दोन कागद दिले. एक, कार्यशाळेत सुती खाकीची परवानगी. दोन, योगराजवरची तक्रार मागे. त्यात लिहिलं होतं की दोष माझ्या कामात होता आणि माझी तक्रार चुकीच्या निष्कर्षावर आधारलेली होती.

पहिल्या कागदावर ते म्हणाले, वरून आदेश आहे, मी वर पाठवतो. सोळा तारखेला तपासणी आहे, तोपर्यंत चितकबरीच. मी म्हटलं, मग तोपर्यंत मी एकही सेट उघडणार नाही. ते म्हणाले, तपासणीला ४६ सेट तयार पाहिजेत.

दुसरा कागद त्यांनी माझ्याकडे परत सरकवला. “हा तुमच्या फायलीत लागेल. प्रोबेशन आहे तुमचं. योगराजची रजा याने परत येईलच असं नाही. सेट पाडले म्हणाल तर निष्काळजीपणा होता, पाडले नाहीत म्हणाल तर खोटी नोंद.”

म्हणजे त्या माणसाने काहीही केलं असलं तरी शिक्षा तीच. मला आयुष्यात इतका नीट जुळवलेला अन्याय पाहायला मिळाला नव्हता.

मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. म्हटलं, आवक क्रमांक द्या.

११ एप्रिल, शुक्रवार

उत्तर आलं, आठ दिवसांत. दलात हे जलद समजतात.

‘तांत्रिक कर्मचाऱ्यांची अडचण विचारात घेऊन कार्यशाळेत वर्दीवर घालण्यासाठी ॲप्रन मंजूर करण्यात येत आहे. एकरूपता राखण्यासाठी ॲप्रन वर्दीच्याच कापडाचा राहील.’

ॲप्रन सोबतच आला होता. चितकबरी. सत्तर टक्के पॉलिएस्टर.

मी तो बरणीजवळ नेला. पट्ट्या इतक्या फाकल्या की एक काचेला चिकटली.

काकांना दाखवला. त्यांनी घडी उलगडली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, पोरी, त्यांनी तुझा अर्ज वाचला नाही, त्यांनी तुझा अर्ज मापला. मग म्हणाले, भांडारात परत जमा म्हणून लिहून घेऊ का?

मी दोन महिने एकच प्रश्न विचारते आहे: रोजच्या कामाला लढाईचे कपडे कशासाठी? मला आतापर्यंत मिळालेली कारणं: डाग, कपाट, इस्त्री, तयारी, शत्रूची मोजणी. आज एकरूपता. यातल्या प्रत्येक कारणात थोडं खरं आहे. एकाही कारणात काम नाही. कोण काय करतो हे पुसून टाकायचं आणि मग सगळे एक झाले म्हणायचं. आचारी भाजतो, त्याच्याही अंगावर हेच कापड आहे, ते वितळतं. त्याला कोणी विचारलेलं नाही. तो डागाबद्दल खूश आहे.

योगराजला मात्र ही एकरूपता खरी वाटली. तिच्यासाठी त्याने बहिणीचं लग्न दिलं. आदेश काढणाऱ्यांना हे माहीतही नाही.

१४ एप्रिल, सोमवार

सुटी. शामकलाबाईंनी ट्रंकेतून जुनं सुती लुगडं काढलं. हिरवं, धुऊन धुऊन पातळ झालेलं, लाल काठ. मी म्हटलं, किंमत सांगा. त्या म्हणाल्या, बरणी फोडली नाहीस तर फिटलं.

त्यांच्याच हातमशिनवर ॲप्रन शिवला. पूर्ण बाह्या, मनगटाला घट्ट, काठ खाली आला आहे. बरणीजवळ धरला. पट्ट्या हलल्या नाहीत.

उद्यापासून चितकबरी जाकीट दाराबाहेरच्या खिळ्यावर आणि मी आत. १३ फेब्रुवारीनंतर हात लावलेला प्रत्येक सेट पुन्हा उघडायचा आहे.

१६ एप्रिल, बुधवार

तपासणी. वरिष्ठ साहेब कार्यशाळेच्या दारात थांबले. आधी त्यांनी खिळ्यावरचं जाकीट पाहिलं, मग मला. मागे वीरेंद्र साहेब जमिनीकडे पाहत होते.

विचारलं, हे काय घातलंय?

मी म्हटलं, लुगडं. सुती आहे. तुमच्या ॲप्रनने सेट मरतात.

मागे कोणीतरी खोकलं. मी बरणी दाखवू का म्हणून विचारलं. ते म्हणाले, वेळ नाही. मी विचारलं, मग ४६ सेट मोजून घेता का? अठरा अजून उघडे आहेत, ते तयार आहेत असं मी सही करून देणार नाही. त्यांनी सही मागितली नाही. दारातून निघताना वीरेंद्र साहेबांना म्हणाले की फोटोच्या वेळी या बाईंना इथेच राहू द्या.

चार वाजता मैदानात सगळ्यांचा फोटो झाला. आचारी, काका, मुन्ना, सगळे चितकबरीत. मी खिडकीतून पाहिला. त्या वेळात दोन सेट झाले.

आईला कळवलं: फोटो आहे, पण त्यात मी नाही, मी काम करत होते.

२२ एप्रिल, मंगळवार

दोन निकाल. मला ताकीद, फायलीत लागली: ‘गणवेशाच्या आदेशाचे पालन न करणे.’ प्रोबेशन सहा महिने वाढलं. कार्यशाळेत काय घालायचं यावर आदेशात एक शब्द नाही. वीरेंद्र साहेब म्हणाले, ज्यावर शब्द नाही त्यावर मी विचारत नाही. लुगडं चालू आहे.

योगराजलाही ताकीद, खोट्या नोंदींबद्दल. दहा दिवसांची रजा मागितली होती, चार मिळाली. सत्तावीसला निघेल. वायरलेस त्याला परत दिलं.

ओमेश तीन महिन्यांनी येईल, टेबलाच्या कामावर. काकांनी त्याचे दोन नवे जोड काढून ठेवले आहेत. चितकबरीचे.

२४ एप्रिल, गुरुवार

आर्द्रता १७. ४६ सेट पूर्ण. एकही परत नाही, पण पंधरा दिवस होईपर्यंत मी काही म्हणणार नाही.

सकाळी योगराज गस्तीसाठी सेट घ्यायला आला. मी क्रमांक १७ दिला. त्या रविवारनंतर आम्ही बोललो नव्हतो. त्याने ॲप्रनचा काठ पाहिला आणि म्हणाला, लग्नाचा दिसते. मी म्हटलं, सेट तपासून घ्या. तो म्हणाला, तुम्ही तपासला ना? मी म्हटलं, म्हणूनच तुम्हीही तपासा.

साडेदहाला गटाने टेकडीवरून पुकारलं. ऑपरेटर चहाला गेला होता, मी सेट उचलला. योगराजच होता. आवाज स्वच्छ. मी विचारलं, काही दोष?

नेहमी तो ‘सब ठीक’ म्हणतो. या वेळी म्हणाला, “आहे मॅडम. बटन सोडलं की खर्र वाजते. पडला नाही, भिजला नाही. तुमच्याकडूनच तसा आला.”

मी म्हटलं, नोंदवते.

वहीत लिहिलं: क्रमांक १७, बटण सोडताना खरखर. नोंद देणारा योगराज. दोष कार्यशाळेचा. कारण अजून माहीत नाही.

मग खाली सही केली. बऱ्याच दिवसांनी अक्षर चांगलं आलं.